एक फोटो, चार हात : सचित्र मासिकांकडून फोटो वाचायला शिकूया



आजचा पाठ फोटोंबद्दल आहे. पण कॅमेरा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा याबद्दल नाही. छापून आलेला फोटो आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला किती हात लागतात, आणि हे हात लावायची पद्धत जगाला कोणी शिकवली, याबद्दल आहे.

सुरुवात आमच्याच शाळेतून करतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आवणीचे दिवस होते. रविवारी सकाळी आमच्या चौथीतला एक मुलगा आईवडिलांबरोबर शेतावर गेला होता. डोक्यावर इरलं, हातात भाताच्या रोपांची जुडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. रस्त्याने जाणारी एक गाडी थांबली, कोणीतरी उतरून फोटो काढला आणि गाडी निघून गेली. काही आठवड्यांनी तो फोटो एका मासिकात आला. फोटो सुंदर होता, हे मला मान्य करावंच लागेल. पावसाच्या बारीक रेषा, इरल्याखालचा चेहरा, मागे धूसर डोंगर. पण खाली ओळ होती, 'शाळेचं तोंडही न पाहिलेलं बालपण.'

हा मुलगा त्या महिन्यात एकही दिवस गैरहजर नव्हता.

मासिकाचं ते पान मोबाइलवरून फिरत फिरत पाड्यावर आलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोराचं नाव शाळेतून कमी केलं काय?"

मी तिला हजेरीपट दाखवला. ती गेली. पण तिचा प्रश्न माझ्याकडेच राहिला. फोटो खोटा नव्हता. मुलगा खरा, चिखल खरा, पाऊस खरा. खोटी होती ती खालची एक ओळ. आणि वाचणाऱ्या हजारो माणसांसाठी तीच ओळ खरी ठरली होती. आपण मुलांना धडा वाचायला शिकवतो, तक्ता वाचायला शिकवतो, नकाशा वाचायला शिकवतो. फोटो वाचायला कधी शिकवतो का?

म्हणून हा पाठ तयार केला. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पाच तासिकांत बसतो. आधी तुमच्या-माझ्यासाठी थोडी माहिती, मग वर्गात काय केलं ते.

आधी भिंग घ्या

जुनं वर्तमानपत्र किंवा मासिक घ्या आणि त्यातल्या फोटोवर भिंग धरा. विज्ञानाच्या पेटीतलं साधं भिंग चालेल. काय दिसतं? फोटो नाहीसा होतो आणि ठिपके दिसतात. कुठे मोठे, कुठे बारीक. गडद भागात ठिपके एकमेकांना चिकटलेले, उजळ भागात विरळ. आमच्या वर्गात हे पाहून मुलं अर्धा तास भिंगासाठी भांडत होती.

छापखान्याचं शाईयंत्र एकतर शाई लावतं किंवा लावत नाही. फिकट काळी, मध्यम काळी अशी वेगवेगळी शाई त्याच्याकडे नसते. मग करड्या छटा छापायच्या कशा? उपाय असा निघाला की फोटो एका बारीक जाळीतून पुन्हा टिपायचा. जाळीमुळे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. त्यांचा धातूचा ठसा करायचा आणि तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापायचा. यालाच हाफटोन ब्लॉक म्हणत. जुन्या मराठी छापखान्यांत नुसतं 'ब्लॉक' म्हटलं तरी सगळ्यांना कळायचं.

हे होण्याआधीही सचित्र साप्ताहिकं होती. लंडनचं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १८४२ साली निघालं. पण त्यात फोटो छापता येत नसे. फोटो किंवा रेखाटन समोर ठेवून कारागीर ते लाकडावर कोरायचे आणि त्याचा ठसा छापायचे. रॉजर फेंटनने १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात काढलेले फोटो वाचकांनी असे कोरीव चित्र होऊनच पाहिले. म्हणजे मधला कारागीर हवं ते ठेवू शकत होता, नको ते गाळू शकत होता. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'मध्ये झोपडवस्तीचा एक फोटो हाफटोनने छापला गेला, आणि कोरणाऱ्याचा हात हळूहळू बाजूला झाला.

आपल्याकडे या तंत्रावर मोठं काम केलं ते कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी. त्यांनी हाफटोनवर स्वतः प्रयोग केले, त्यावर लेख लिहिले, आणि १९१३ साली मुलांसाठी 'संदेश' हे सचित्र मासिक सुरू केलं. सत्यजित राय यांचे हे आजोबा. मुलांना सांगा, एका माणसाला मुलांच्या पुस्तकातली चित्रं चांगली छापून हवी होती, म्हणून तो छपाईचं विज्ञान शिकला.

लहान कॅमेरा आणि मोठी पानं

आता फोटो छापता येऊ लागले, पण काढणं अवघडच होतं. जड कॅमेरा, तिकाटणं, काचेच्या पट्ट्या. माणसांना 'हलू नका' म्हणावं लागे. म्हणून त्या काळच्या फोटोंत सगळे ताठ उभे दिसतात. १९२५ साली जर्मनीत लायका हा लहान कॅमेरा बाजारात आला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म त्यात बसायची आणि एका गुंडाळीत ३६ फोटो निघायचे. खिशात मावणारा कॅमेरा घेऊन माणूस आता बाजारात, बोटीवर, सभेत फिरू लागला.

पण ३६ फोटो काढून करायचं काय? वर्तमानपत्राला एकच फोटो पुरे. ही गरज लागली ती सचित्र साप्ताहिकांना. बर्लिन आणि म्युनिक इथल्या साप्ताहिकांच्या संपादकांनी छायाचित्रकारांना सांगायला सुरुवात केली की एक फोटो नको, गोष्ट आणा. म्युनिकच्या साप्ताहिकाचे संपादक होते स्टेफान लोरांट. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. सुटल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १९३८ साली निघालेल्या 'पिक्चर पोस्ट'चे पहिले संपादक झाले. असे अनेक संपादक आणि छायाचित्रकार जर्मनी सोडून गेले आणि जाताना ही पद्धत जगभर घेऊन गेले. फ्रान्समध्ये 'व्यू' हे साप्ताहिक १९२८ पासून निघतच होतं.

अमेरिकेत 'लाइफ' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला २३ नोव्हेंबर १९३६ रोजी. किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढलेला फोर्ट पेक धरणाचा फोटो. त्यांना पाठवलं होतं धरणाचे फोटो काढायला. त्यांनी धरण तर टिपलंच, पण धरणासाठी उभ्या राहिलेल्या वस्त्या, तिथली कामकरी माणसं, संध्याकाळी गर्दी होणारी ठिकाणं, हेही टिपलं. संपादकांनी ते सगळं पानांवर मांडलं आणि धरणाची बातमी माणसांची गोष्ट झाली.

आपल्या जिल्ह्यात सूर्या नदीवर धामणीचं धरण आहे. मुलांना विचारा, तिथे फोटो काढायला पाठवलं तर तुम्ही काय काय टिपाल? फक्त भिंत? की कालवा, कालव्याखालची शेती, आणि जिथे पाणी पोहोचलं नाही ते शेतही? सहावीची मुलं यावर तुमच्या अपेक्षेपेक्षा चांगलं बोलतात.

'लाइफ'मधली आणखी एक फोटोकथा वर्गासाठी फार उपयोगी आहे. २० सप्टेंबर १९४८ च्या अंकात आलेली 'कंट्री डॉक्टर'. यूजीन स्मिथ हे छायाचित्रकार अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या डॉक्टरबरोबर २३ दिवस राहिले. रात्री-अपरात्री रुग्णाकडे निघालेला डॉक्टर, जखमी मूल, थकून स्वयंपाकघरात उभा असलेला डॉक्टर. यातला एकेक फोटो चांगलाच आहे. पण ते एका क्रमाने समोर आले की त्या माणसाची दमछाक आपल्याला कळते.

म्हणजे सचित्र मासिकांनी छायाचित्रणाला काय शिकवलं? मला चार गोष्टी दिसतात. पानं मोजकी असतात, म्हणून निवडावं लागतं. निवडलेल्यांना क्रम द्यावा लागतो. कोणता मोठा आणि कोणता लहान हे ठरवावं लागतं. आणि खाली ओळ लिहावी लागते. निवड, क्रम, आकार, ओळ. फोटो काढणाऱ्याचा हात पहिला. त्यानंतर संपादकाचा, पान मांडणाऱ्याचा आणि ओळ लिहिणाऱ्याचा. म्हणूनच शीर्षकात चार हात म्हटलं आहे.

आपल्या रेल्वेमार्गावरच्या होमाई

हे सगळं परदेशातलं झालं. आता घराजवळ येऊ.

मराठीत सचित्र मासिकांची परंपरा जुनी आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मासिक मनोरंजन' सुरू केलं आणि १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. 'किर्लोस्कर खबर' १९२० सालचं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. पुढे १९३० साली त्यांनी 'स्त्री' मासिक काढलं. आणि मुंबईतून निघत होतं 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'. १८८० साली टाइम्सच्या वर्तमानपत्राची साप्ताहिक आवृत्ती म्हणून त्याची सुरुवात झाली आणि १९९३ साली ते बंद झालं. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं त्यांच्याकडेही 'वीकली' यायचा, फोटो बघण्यासाठी.

याच 'वीकली'त भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे फोटो छापून येत. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, नवसारीचा. डहाणू रोडहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की घोलवड, उंबरगाव, संजाण करत पुढे नवसारी लागतं. आपल्या मुलांना हे सांगितलं की होमाई एकदम शेजारच्या वाटू लागतात. त्यात डहाणूच्या वाड्यांमुळे पारशी-इराणी कुटुंबं मुलांच्या ओळखीची असतातच.

होमाई मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकल्या. फोटोग्राफी शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून. त्यांच्याशीच पुढे त्यांचं लग्न झालं. त्यांचे पहिले फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. पुढे 'वीकली'त फोटो येऊ लागले, पण सुरुवातीच्या काळात खाली नाव असायचं माणेकशा यांचं! बाई फोटो काढते हे लोकांना पटलंच नसतं. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि त्यानंतर स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंचे कितीतरी क्षण त्यांनी टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्याला त्यांचं निधन झालं.

वर्गात मी मुलांना विचारलं, फोटो तोच असेल तर खाली कोणाचं नाव आहे याने काय फरक पडतो? सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पुढच्या मुलीला कळलंच नसतं, की आपल्याला पण हे करता येतं." यापुढे मी काही बोललो नाही.

एकच फोटो, दोन अर्थ

गांधीजी खाली बसून काहीतरी वाचत आहेत आणि समोर चरखा आहे. हा फोटो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. तो १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट यांनीच काढला. फोटो काढण्याआधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं. गांधीजींच्या सचिवांची ती अट होती. आत गेल्यावरही फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी होती आणि त्यातले पहिले दोन प्रयत्न फसले.

आता गंमत बघा. हा जगप्रसिद्ध फोटो 'लाइफ'ने आधी छापला तो लहान आकारात, गांधीजींच्या निसर्गोपचारांवरच्या एका लेखाच्या वर. तेव्हा त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या श्रद्धांजलीच्या अंकात तोच फोटो अर्ध्या पानावर आला. कॅमेरा तोच, बल्ब तोच, चरखा तोच. बदललं काय? आकार, शेजारचा मजकूर आणि वेळ. या तीन गोष्टींनी एका आजारांवरच्या लेखाच्या चित्राला एका युगाची आठवण करून टाकलं.

हे उदाहरण वर्गात नक्की घ्या. फोटो पाठ्यपुस्तकांत, भिंतीवर, कुठेही मिळतो. फळ्यावर त्याच्याखाली आधी लिहा, 'निसर्गोपचारावर विश्वास असलेला एक वृद्ध'. मग पुसून लिहा, 'देशाने गमावलेला माणूस'. मुलांच्या चेहऱ्याकडे बघा.

आपल्या तालुक्याचा फोटो

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना या तरुणाने काढलेले फोटो कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात छापून आले आणि दुष्काळ देशभर लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. साप्ताहिक लहान, कागद युद्धकाळातला हलका. तरी फोटोंनी काम केलं. पुढे जाना यांनी देशातल्या अनेक आदिवासी समाजांचे फोटो काढले.

त्याच काळात आपल्याकडे वारल्यांचा लढा सुरू झाला. २३ मे १९४५ रोजी झरीला मोठी परिषद भरली. लग्नगडी आणि वेठबिगारी बंद करण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या सभेवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ही सगळी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरीच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे आपल्या मुलांना ते ठाऊक असतं.

१९४५ सालचा, गोदावरीबाई वारल्यांच्या सभेत बोलत असल्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मी तो अनेक ठिकाणी पाहिला आहे. खाली गोदावरीबाईंचं नाव असतं, आणि पुढे 'वारल्यांच्या सभेत'. ऐकणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे दिसलं नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. तेव्हा विचारायचं कोणाच्या मनात आलं नसेल, किंवा वेळ नसेल. पण आपल्या वर्गातली मुलं त्याच माणसांची पणतवंडं असू शकतात. म्हणून मी मुलांना घरचा अभ्यास दिला, आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव विचारून मागे पेन्सिलीने लिहा. काही घरांत जुना फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा किंवा ओळखपत्रावरचा एवढाच निघाला. तोही चालतो.

आपल्या मुलांना चित्र वाचण्याची सवय नसते असं मात्र समजू नका. घराघरांतल्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक त्यांनी पाहिलेला असतो. मध्ये पालघाट देवी, बाजूला नवरा-नवरी, तारपा, झाडं, शिकार, शेती. एकाच चित्रात कितीतरी प्रसंग. नजर कुठूनही आत शिरते. मासिकाचं पान याच्या उलट चालतं, एक प्रसंग अनेक चित्रांत आणि नजरेला वाट आखून दिलेली. दोन्ही समोरासमोर ठेवले की मुलांना फरक लगेच कळतो. नावाचा प्रश्न इथेही आहे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूत आले, चित्रं कागदावर उतरली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगात पोहोचलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी पिढ्यान्पिढ्या चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावं कोणत्याही कागदावर नाहीत.

वर्गात काय केलं

पहिली तासिका. भिंग आणि ठिपके. सोबत वर्तमानपत्रांतले फोटो कापून त्यांच्या ओळी वेगळ्या केल्या, आणि गटांना फक्त फोटो दिले. प्रत्येक गटाने स्वतःची ओळ लिहिली. मग मूळ ओळ दाखवली. एका फोटोच्या चार ओळी निघाल्या आणि चारही पटण्यासारख्या होत्या.

दुसरी तासिका. खिडकी. जाड पुठ्ठ्यात चौकोनी भोक पाडायचं आणि मोठ्या फोटोवर सरकवायचं. गर्दीतून एक रडका चेहरा कापता येतो, आणि त्याच गर्दीतून एक हसराही. कापण्याने किती बदलतं हे सांगावंच लागत नाही.

तिसरी तासिका. फोटो काढणं. शाळेचा एकच मोबाइल, पाचपाच मुलांचे गट, विषय एकच, 'आमची खिचडी, सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत'. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंची आधी परवानगी घेतली. मुलांना सांगितलं, दूरचा फोटो हवा, मधल्या अंतरावरचा हवा, जवळून हातांचा हवा, चेहऱ्याचा हवा, आणि शेवट वाटेल असा एक हवा. एकूण ६२ फोटो निघाले.

चौथी तासिका. निवड. पानावर जागा सहाच फोटोंची. खरा पाठ इथे झाला.

६२ मधला एक फोटो सगळ्यांना आवडला. चुलीचा धूर, त्यातून तिरपा आलेला उजेड, आणि ताई पदराने डोळे पुसत आहेत. बहुतेक मुलांनी तोच मोठा घ्यायचं ठरवलं. ओळही तयार झाली, 'धुरातलं आयुष्य'. ही ओळ सुचवणारा मुलगा कोण असेल? दोन वर्षांपूर्वी ज्याचा आवणीतला फोटो छापून आला होता, तोच. आता तो सहावीत आहे.

मला राहवत नव्हतं, पण मी गप्प बसलो. इतकंच म्हणालो, पान छापायच्या आधी ताईंना दाखवून या. मुलं गेली. ताईंनी फोटो बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी लाकडं भिजलेली होती रे. रोज कुठे रडते मी? आणि माझा भात कुठे आहे यात?"

मुलं परत आली आणि वर्गात अर्धा तास वाद झाला. एक गट म्हणाला, धूर खरा आहे, तो लपवायचा का? दुसरा म्हणाला, खरा आहे पण एका दिवसाचा आहे. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लहान करू. आणि ताई बोलल्या तेच लिहू."

पाचवी तासिका. पान मांडणं. मोठा फोटो ठरला ताई पातेल्यात कालथा फिरवत असल्याचा, मागे पोरांची रांग. धुराचा फोटो कोपऱ्यात लहान, खाली ओळ, 'आज लाकडं भिजलेली होती.' दोन ओळी मुलांनी वारलीत लिहिल्या, त्या तशाच ठेवल्या. खाली ताईंचं पूर्ण नाव, फोटो काढणाऱ्यांची नावं, पान लावणाऱ्यांची नावं. ताईंच्या नावासाठी मुलांना त्यांच्या वडिलांचं नाव विचारावं लागलं. तोपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'खिचडीवाल्या ताई' म्हणत होते, मीसुद्धा.

पालकांसाठी थोडंसं

'पिक्चर पोस्ट' १९५७ साली बंद पडलं, साप्ताहिक 'लाइफ' १९७२ च्या डिसेंबरात थांबलं. लोक टीव्हीकडे वळले होते. आता टीव्हीही मागे पडला आणि फोटो आपल्या हातात आला. पण मासिकांत फोटो काढणारा, निवडणारा, मांडणारा आणि ओळ लिहिणारा असे चार जण होते. एकाची चूक दुसऱ्याने पकडण्याची थोडी तरी शक्यता होती. ते तरी नेहमी पकडत होते असं नाही, हे आमच्या मुलाच्या आईला विचारा. मोबाइलवर हे चारही हात आपलेच असतात आणि आपण घाईत असतो.

म्हणून घरी एवढं करून बघा. मुलांबरोबर बसून महिन्यातून एकदा फोनमधले सहाच फोटो निवडा. कोणते सहा, कोणत्या क्रमाने, हे त्यांना ठरवू द्या. प्रत्येकाखाली कोण, कुठे, केव्हा, एवढी एक ओळ लिहायला लावा. दुसऱ्या कोणाचा फोटो पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला विचारलं का, हे एकदा विचारा. आणि आपल्या पाड्यावर फोटो काढायला आलेल्या माणसाला मुलांनी नम्रपणे विचारलं पाहिजे, "हा कुठे छापणार? खाली काय लिहिणार?" हा प्रश्न उद्धट नाही. तो विचारायची सवय लावली नाही, तर दोष आपला.

खिचडीचं पान अजून आमच्या व्हरांड्यात लावलेलं आहे. पावसाने कडा थोड्या फुगल्या आहेत. पुढचा विषय मुलांनी ठरवला आहे, तलासरीचा आठवडे बाजार. या वेळी फोटो काढण्याआधी विक्रेत्यांची नावं विचारायची यादी त्यांनी स्वतःच केली आहे.